पहिला घास सुगीचा

ए प्रांजू, थांब! ती कैरी मग काप, आधी ऐक. तू मामाकडे गेलीस ना, त्या आठ दिवसांत इकडे काय झालंय माहितीये? मला परी भेटली. हसू नकोस ना! खरीखुरी, पंखांची, चिमुकली परी. आणि तिच्यासमोर मी अशी वागलेय, अशी वागलेय, की आठवलं तरी कान गरम होतात. हात लावून बघ. झालेत ना गरम?

कुणालाच सांगणार नव्हते. पण तुला सांगते. हसायचं तर सगळं ऐकून मग हस.

आईचा हात मोडलाय ते तुला माहितीये. मेसवर ढीगभर पोळ्या लाटायला जायची ती, त्याच उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. "मोरीत पाय घसरला," असं तिनं सगळ्यांना सांगितलं. मीही तेच समजत होते. हे लक्षात ठेव हं, पुढे लागणारे. बाबा कांद्याच्या ट्रकवर, तिकडे लांब बॉर्डरच्या रांगेत अडकलेले, फोन लागेना. शाळेला सुट्टी, म्हणजे शाळेतली खिचडीही बंद. राहिलो कोण? एका हाताची आई, पाच वर्षांची ठमू, दोन वर्षांचा गोट्या आणि मी.

मग मीच सगळं करायचे. नळाचं पाणी मी, गोट्याची ढुंगी धुवायला मी, आईची वेणी मी, भाकरी मी. पिठाच्या डब्यात हात घातला की बोटं तळाला टेकायची. त्यात तीनच भाकऱ्या व्हायच्या, चंद्रासारख्या नाहीत, नकाशासारख्या. एक आईला, एक ठमूला, एक गोट्याला. आई विचारायची, "सुगे, तू?"

"माझं झालं," मी म्हणायचे. "भाजता भाजताच खाल्लं."

मग ठमूला घेऊन टाकीमागच्या बागेत जायचं आणि खाली पडलेले बदाम दगडाने फोडायचे. ती पिवळी-तांबडी फळं गं, आतून इवलीशी पांढरी गिरी निघते ती. गिरी ठमूला, साल मला.

तर त्या दिवशी ठमू घरी झोपली होती आणि मी एकटीच बागेत. ऊन असं, की झोपाळ्याची साखळी हाताला चटका देत होती. माळीकाका सुट्टीवर गेलेले, सगळी झाडं माना टाकून उभी. कोपऱ्यात गुलबक्षीचं झुडूप होतं, पार कोमेजलेलं, पानं जुन्या फडक्यासारखी लोंबत होती. माझ्या बाटलीत दोन घोट पाणी उरलं होतं. घसा कोरडा पडला होता माझा, पण म्हटलं, जाऊ दे, आपलं काय! आणि ओतलं सगळं त्याच्या मुळाशी.

टाकीवरच्या घड्याळात चार वाजले आणि प्रांजू, ते झुडूप उमललं! एकदम! टप्प, टप्प, टप्प! गुलाबी, पिवळी, पांढरी, केशरी, इटुकली इटुकली फुलं, जणू कुणी रंगांच्या लाह्या फोडतंय. आणि मधल्या सगळ्यात मोठ्या फुलातून, अर्ध्या गुलाबी अर्ध्या पिवळ्या फुलातून, ती बाहेर आली. माझ्या करंगळीएवढी. फुलाचाच घोळदार झगा, केसांत परागांची सोनेरी टिकली, आणि पंख कसले! साबणाच्या फुग्यावर रंग पळतात ना, तसले पळते पंख.

तिनं आळस दिला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं काय? "जेवलीस का गं?"

म्हणजे परीसुद्धा आधी तेच विचारते!

"हो. झालं माझं," मी म्हटलं. आणि तेवढ्यात माझ्या पोटातून असा गुर्रर्र आवाज आला, की झाडावरची साळुंकी उडाली.

परी खुदकन हसली. "हे कोण बोललं?"

"ते… ट्रक गेला वाटतं रस्त्यावरून."

"बरं," ती म्हणाली. ओरडली नाही, काही नाही. नुसतं "बरं". मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझं नाव बक्षी. तू मला तुझं शेवटचं पाणी दिलंस. मीही तुला काहीतरी देणार."

"नको नको, तुम्ही कशाला…"

"अगं, तुम्ही काय म्हणतेस! मी एवढीशी आहे." तिनं पंख झटकले. चांदण्यासारखा चुरा पडला आणि माझ्या ओंजळीत एक बोळकं आलं. भातुकलीतलं असतं ना, तसं मातीचं, इवलंसं. पण त्याच्या पोटावर सात ठिपके चमकत होते. गुलाबी, केशरी, पिवळा, पांढरा, जांभळा, लाल, आणि सातवा गुलबक्षीच्या फुलासारखा, गुलाबीवर पिवळे शिंतोडे.

"जे खायचंय ते माग आणि तिरकं कर," बक्षी म्हणाली. "घरातल्या प्रत्येकाला पोटभर देईल. नियम एकच. पहिला घास तुझा. सगळ्यांच्या देखत घ्यायचा आणि खरोखर गिळायचा. तो चुकवलास, तर तुझ्या वाटणीचं त्यातून येणार नाही आणि एक ठिपका विझेल. सातही विझले, की नुसती माती."

"पहिला माझाच का?" मी विचारलं.

"ते तुलाच कळेल," ती म्हणाली आणि फुलात शिरून बसली.

आता तू म्हणशील, हात्तिच्या, हा काय नियम झाला? खायचं तर आहे! मलाही तसंच वाटलं होतं. पण ऐक तर.

घरी आले, बोळकं मधे ठेवलं आणि म्हटलं, "मुगाची खिचडी, वर तूप." तिरकं केलं आणि अगं, आली की! पिवळीधमक, वाफाळती, मऊमऊ खिचडी, आणि तिच्या डोक्यावर तुपाचा चमचमता ओघळ! आईचे डोळे हे एवढे झाले. ठमू टाळ्या पिटायला लागली. गोट्यानं तर चिमणीच्या पिल्लासारखं तोंडच उघडलं. परीनं दिलंय म्हटल्यावर आईनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला, पण समोर खिचडी वाफाळत असताना काय बोलणार!

मी पहिला घास उचलला. आणि सगळे माझ्याकडेच बघायला लागले. आई बघतेय. ठमू रिकामी ताटली मांडीवर घेऊन बघतेय. गोट्याचं तोंड उघडंच. आणि उंबऱ्यात समोरच्या शेवंतामावशी, वास काढत आलेल्या.

प्रांजू, तुला आत्याकडचं बारसं आठवतं? मी सांगितलं होतं बघ. पेढ्यांचं ताट फिरत होतं, मी माझा पेढा जरा आधीच उचलला, तर आत्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अगं बाई, केवढी ही हावरट! मोठ्यांच्या आधी?" सगळे हसले. पेढा तसाच हातात वितळला माझ्या. आपल्यात कसं असतं, आधी देवाला, मग मोठ्यांना, मग लहानांना, आणि ज्या बाईनं केलं असतं ती सगळ्यात शेवटी, भांडं खरवडून. मग मी कशी खाऊ सगळ्यांच्या आधी?

मी तो घास गोट्याच्या तोंडात घातला. "माझं झालं," म्हटलं. "बागेतच झालं."

बोळक्यावरचा गुलाबी ठिपका विझला. फुंकर मारल्यासारखा. फक्त मलाच दिसला. तिघांचं पोट भरलं आणि बोळकं थांबलं. तिरकं केलं, हलवलं, उलटं केलं. एक शीत नाही.

आणि शेवंतामावशी काय म्हणाल्या माहितीये? "काय गुणी पोर गं तुझी! आधी सगळ्यांना घालते. सोनं आहे सोनं!"

आता लाज वाटते ती इथे. कारण मला ना, ते ऐकून इतकं बरं वाटलं! पोटात कावळे ओरडत होते आणि मी मात्र आतून फुगत होते, पुरीसारखी.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, परीला फसवू. गूळपोळी मागितली, सगळ्यांच्या देखत तुकडा तोंडाशी नेला आणि हळूच फ्रॉकच्या खिशात टाकला. केशरी ठिपका, फुस्स. तिसऱ्या दिवशी शेवयांची खीर. केशराचे धागे, वर काजूचे चंद्र! नुसते ओठ ओले केले. पिवळा गेला. रोज मावशी उंबऱ्यात, रोज "सोनं आहे सोनं". रोज मी म्हणणार, उद्या नक्की खाईन. आणि रोज माझा हात अर्ध्यात थांबणार.

चौथ्या दिवशी काय झालं ते सांगायलाच नको वाटतंय.

सकाळपासून डोकं गरगरत होतं. बादली भरून आणताना दोनदा टेकवली. दोन दिवस केसांत फणी घातली नव्हती, नुसतं घरटं. त्यात बोळक्यातून आलेल्या वरणाची वाटी गोट्यानं उलटी केली. एवढंसं पोर, त्याला काय कळतंय? आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. जोरात. पाच बोटं उठली गं. आणि वर ओरडले, "मी इथे तुमच्यासाठी मरमर मरते आणि तुम्ही सांडा! सांडा सगळं!"

गोट्या रडला नाही लगेच. आधी त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की ही कोण? मग रडला. आणि पळत कुणाकडे आला सांग? माझ्याकडेच. माझ्याच फ्रॉकमध्ये तोंड घालून रडला.

मी त्याला कुरवाळत बसले आणि शेजारच्या ताटात वरण-भात तसाच होता, आईनं माझ्यासाठी बाजूला काढलेला तिच्या वाटणीतला. मी तोही गोट्यालाच भरवला. माफी म्हणून. तेव्हा पांढरा ठिपका विझला. एवढं होऊनही कळलं नाही मला. बोल!

पाचव्या दिवशी मेथीचं पिठलं आणि गरम भाकरी. मी आपलं नेहमीचं "माझं झालं" म्हटलं आणि तेवढ्यात ठमूनं तिची ताटली गोट्याकडे सरकवली. हात जोडून, मान वाकडी करून, अगदी माझ्यासारखी म्हणाली, "माज्जं झालं."

आम्ही हसलो! मावशी तर पदर तोंडाला लावून हसल्या. "ताईवर गेली गं, ताईवर गेली! हीसुद्धा सोनं!" ठमू लाजली. गालाला काय खळी पडली तिच्या! आणि मलापण वाटलं, किती गोड. जांभळा ठिपका विझताना मी बघितलासुद्धा नाही.

सहाव्या दिवशीही ठमू तेच म्हणाली. सहाव्या दिवशी लाल विझला.

आणि आज. आज दुपारची गोष्ट आहे ही प्रांजू, शिळी नाही.

जेवणाच्या वेळी ठमूला हाक मारली, तर उत्तर नाही. शोधली तर गाद्यांच्या घडीमागे बसलेली, भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटलेले. हात लावला तर अंग गरम. उचलायला गेले तर मान माझ्या खांद्यावर अशी पडली, उन्हातल्या गुलबक्षीच्या पानासारखी. आणि तिच्या फ्रॉकच्या खिशातून काय पडलं? भाकरीचे वाळके तुकडे. पिठलं लागलेले. कालचे, परवाचे. एकावर मुंग्या.

"ठमे, हे काय गं?"

ती हळूच म्हणाली, "मी पण लपवलं ताई. तुझ्यासारखं. तू टाकतेस ना खिशात, मी बघितलं." मग डोळे उघडून विचारलं, "मी पण गुणी ना?"

प्रांजू, मला वाटलं जमीन फाटावी आणि मी आत जावं. शपथ.

आईनं तिच्या तोंडाशी पाण्यात कालवलेली साखर धरली. ठमूनं ओठ घट्ट मिटले. "माज्जं झालं." आईनं आंजारलं, गोंजारलं, रागावली. "माज्जं झालं." एवढंसं तोंड, पण उघडेल तर शपथ! कुणी शिकवलं तिला? मी.

बोळकं घेतलं आणि पळत सुटले बागेकडे. भर दुपारी. पाय भाजत होते, चपलाही घातल्या नव्हत्या. बोळक्यावर एकच ठिपका, तो शेवटचा, शिंतोड्यांचा, तोही लुकलुकत होता. आणि बागेत गेले तर गुलबक्षीची सगळी फुलं मिटलेली! घट्ट!

"बक्षी! बक्षी!" मी त्या मोठ्या कळीवर नखानं टकटक केलं. "ऊठ ना गं! माझी ठमू…"

आतून जांभई ऐकू आली. "मी झोपलेय."

"आत्ता? आत्ता कशी झोपतेस तू?"

"आत्ताच तर झोपते. रोज." कळीचं तोंड एवढंसं उघडलं आणि तिचं गुलाबी नाक दिसलं. "उन्हात झोपते, मुळातून आधी मी पाणी पिते, मग चारला उमलते. मी प्यायलेच नाही, झोपलेच नाही, तर चारला इथे काय असेल? वाळकी काडी. मग ती फुलपाखरं कुठे जातील? ती बघ, केव्हाची वाट बघताहेत."

खरंच गं. बाजूच्या पानांखाली इवलाली पिवळी फुलपाखरं पंख मिटून ओळीनं बसली होती. निवांत. घाई नाही, तक्रार नाही. त्यांना माहीत होतं, चारला मिळणार.

"तुला लाज नाही वाटत?" मी विचारलं. "ती फुलपाखरं उपाशी असताना आधी स्वतः प्यायची?"

"नाही बाई," बक्षी म्हणाली. आणि मग फार हळू, "तुला कशाची वाटते, सुगी?"

मी सगळं सांगितलं. पेढा सांगितला. खिसा सांगितला. धपाटा सांगितला. आणि कुणाला कधीच सांगितलं नसतं तेही सांगितलं, की मला "सोनं" म्हणून घ्यायला आवडायचं, आणि एखाद्या दिवशी मावशींना उंबऱ्यात यायला उशीर झाला की मला उलट राग यायचा, की बघायला कुणीच नाही. बोलता बोलता इतकी रडले, की झुडपाला दुसऱ्यांदा पाणी मिळालं.

बक्षी म्हणाली, "तू वाईट नाहीस गं. पण ठमूचं तोंड मी नाही उघडू शकत. एक ठिपका आहे अजून. जा."

घरी आले तर शेवंतामावशी, त्यांची सून, खालच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्या जमलेल्या. ठमू आईच्या मांडीवर. मी बोळकं ठेवलं. काय मागावं सुचेना. शेवटी म्हटलं, "दहीभात. साधा." आला. पांढराशुभ्र, गारेगार, वर डाळिंबाचे लालचुटुक दाणे.

मी पहिला घास केला. मावशी म्हणाल्या, "अगं, आधी त्या लेकराला तरी घाल. काय हे!"

बघ. तेच. अगदी तेच, जे ऐकायला लागू नये म्हणून मी सहा दिवस उपाशी राहिले होते. माझा घास हवेतच थांबला. कान लाल. तो शेवटचा ठिपका फडफडायला लागला.

आणि आई बोलली. "थांबा मावशी. खाऊ दे तिला."

"अगं पण…"

"खाऊ दे म्हणते ना." आईनं मान वर केली नाही. प्लास्टरकडे बघत बोलत होती. "मी मोरीत घसरले नाही. चक्कर येऊन पडले. तीन दिवस पोटात काही नव्हतं. दिवसभर लोकांच्या पोळ्या लाटायचे आणि घरी येऊन म्हणायचे, माझं झालं तिकडेच. हिनं माझंच उचललं. आणि धाकटीनं हिचं." मग माझ्याकडे बघितलं. "मला लाज वाटते सुगे. खा."



मी घास तोंडात घातला. सगळ्यांच्या देखत. चावला. गिळता येईना गं! घशात हुंदका आणि दहीभात एकदमच आले. पण गिळला. ठमू टक लावून बघत होती, माझा गळा हलतो का ते. मी तोंड उघडून दाखवलं तिला, आऽऽ, बघ, गेला. दुसरा घास घेतला. तोही गेला. तिसरा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हनुवटीला दही. अशी दिसत असेन मी! एकदम हावरट.

"ठमे," मी म्हटलं, "माझं कधीच झालं नव्हतं. मी खोटं सांगत होते. आता मला भूक लागलीये. तुला?"

ठमूनं जरा विचार केला. मग ओठ उघडले. एवढेसेच. "लई," ती म्हणाली.

चौथा घास मी तिला भरवला. पाचवा आईला. सहावा गोट्यानं हातातून ओढूनच नेला. आणि या वेळी बोळकं थांबेचना! चौघांना पुरलं आणि शेवटी खरवडायला साय पण राहिली. ठिपके एकेक करून पेटले. लाल, जांभळा, पांढरा, पिवळा, केशरी, गुलाबी, टप्प टप्प टप्प, फुलं उमलतात तसे. भिंतीवर रंगांचे कवडसे नाचायला लागले. मावशी खाली बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "तू सकाळपासून काय खाल्लंस गं?" मावशींनी तिचा हात धरून तिला घरी नेलं.

चार वाजता खिडकीत बक्षी आली. उमललेली, ताजीतवानी, पंखांवर सोनेरी धूळ. ठमूच्या कपाळावर तिनं एक पाकळी ठेवली आणि ताप पाकळीत उतरला. पाकळी लाल झाली, ठमू गार. ठमू तिला म्हणाली, "तू एवढीशी कशी?" आणि झोपलीच.

"बोळकं आईचा हात बरा होईपर्यंत तुझं," बक्षी म्हणाली. "नियम तोच. आणि आज तुला एक गोष्ट जास्तीची. पण फक्त तुझ्यासाठी. ठमूसाठी नाही, गोट्यासाठी नाही, आईसाठी नाही. माग."

मी म्हटलं, "बाबांना…"

"ते तुझ्यासाठी नाही."

"बरं, मग आईला…"

"सुगी!"

आणि मला सुचेचना! हसू नकोस. तू विचार कर, मला खरंच सुचेना. स्वतःला काय हवंय हे मला माहीतच नव्हतं. मग मान खाली घालून, एकदम बारीक आवाजात म्हटलं, "मला ना… एकदा दुपारचं झोपायचंय. कुणी हाक न मारता."

मागून मागून परीकडे काय मागितलं, तर झोप! पण बक्षी हसली नाही. माझ्या त्या केसांच्या घरट्यात तिनं बोटं घातली आणि एकेक गाठ सोडवायला लागली, गुणगुणत. आईनं डाव्या हातानं माझ्या अंगावर तिची जुनी साडी घातली. गोट्यासुद्धा बोट तोंडात घालून गप्प बसला. डोळे मिटता मिटता मला दिसलं, बक्षी खिडकीत उभी राहिली, तिचा झगा उजळत गेला, आधी गुलाबी, मग पिवळा, मग नुसता शुभ्र, आणि सगळी खोली दुधासारख्या उजेडानं भरली. इतका मऊ उजेड, की डोळ्यांना टोचलासुद्धा नाही. आणि त्या उजेडात ती विरघळून गेली.

उठले तेव्हा संध्याकाळ झालेली. दोन वेण्या घातलेल्या, या बघ, असल्या बारीक मला येतात का घालायला? आणि आई फोनवर होती. बाबांची गाडी रांगेतून सुटलीये, उद्या घरी यायला निघताहेत. आणि फ्रॉकच्या खिशात, जिथे मी घास लपवायचे ना, तिथे हे. गुलबक्षीच्या काळ्या काळ्या बिया. सात. ही एक तुला. दाराशी लाव. पाणी घाल, पण तू आधी पिऊन मग.

पण खरं सांगू? गोट्याच्या पाठीवरची बोटं कधीच गेली, मला मात्र अजून दिसतात. आणि ठमू "मी पण गुणी ना" म्हणाली, ते अजून ऐकू येतं. म्हणून म्हटलं, कुणाला तरी सांगून टाकावं.

बरं, काप आता ती कैरी. तिखट-मीठ जास्त लाव. आणि पहिली फोड… पहिली फोड मला दे. बघ, मागितली की नाही! कान गरम झाले, पण मागितली.

आता तू खरं सांग हं प्रांजू, उगाच चांगलं वाटावं म्हणून नको. समोर आई भुकेली, ठमू ताटली घेऊन बसलेली, गोट्यानं तोंड उघडलेलं आणि उंबऱ्यात मावशी बघताहेत. पहिल्याच दिवशी तो पहिला घास तू घेतला असतास?